मागच्या हौसिंगचं तेल पुन्हा पुन्हा गळतंय? सील बदलण्याआधी हे तपासा

मागचं हौसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या. इंजिनचा जोर चाकांना वाटून देणारं डिफरेन्शिअल त्यात तेलात फिरतं, आणि ते तेल रबरी सीलं अडवतात. लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल.

गाडी रात्रभर उभी राहिली की मागच्या दोन चाकांच्या मधोमध फरशीवर जाड, काळपट थेंब दिसतात. किंवा मागच्या एका चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या पत्र्यावर ओल असते आणि तिच्यावर धुळीचा थर बसलेला असतो. बोटाला लावून हुंगलं तर गंधकाचा उग्र दर्प येतो. साठ-सत्तरच्या वेगाला मागून हूंऽऽ असा एकसुरी आवाज येतो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की त्याचा सूर बदलतो. रिव्हर्समधून पहिल्यात घेताना ‘टक्’ होतं. आणि सगळ्यात ओळखीची खूण म्हणजे मेकॅनिकने सील बदललं, दोन-चार महिने सगळं कोरडं राहिलं आणि पावसाळा सरता सरता तिथेच पुन्हा ओल आली.

ही शेवटची खूण जुळत असेल तर पुढचं नीट वाचा. मी इंदूरला सुदामानगरात राहतो. माझी गाडी जुनी, पाट्यांच्या स्प्रिंगची, मागच्या चाकांवर चालणारी. दीड वर्षात तिचं पुढचं सील, म्हणजे जिथे गिअरबॉक्सकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट हौसिंगमध्ये शिरतो तिथलं, दोनदा बदललं गेलं. तिसऱ्यांदा गळायला लागल्यावर देवास नाक्याकडचा मेकॅनिक म्हणाला, “भिया, पुरानी गाडी है, सील तो जाएगा ही.” ते काही मला पटेना. त्या रविवारी स्वतः खाली शिरलो. खरं कारण सापडलं ते हौसिंगच्या वरच्या अंगाला, करंगळीच्या पेराएवढ्या एका टोपीत. त्यानंतर मेहुण्याची गाडी, आत्याकडची मालाची व्हॅन, शेजारच्या काकांची गाडी असं करत हेच काम सात-आठ वेळा केलं. त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा सीलला हातही लावावा लागला नाही.

आधी एक खुलासा. हे सगळं मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांबद्दल आहे: बोलेरो, सुमो, क्वालिस, जुनी इनोव्हा आणि क्रिस्टा, ओमनी, ईको वगैरे. स्विफ्ट किंवा वॅगनआरसारख्या पुढच्या चाकांच्या गाड्यांना मागे डिफरेन्शिअल नसतंच. त्यांचं गिअरबॉक्सच्या पोटातच असतं आणि त्याच्या तेलाचं गणित वेगळं आहे.

पैसे न लागणारी तपासणी: गळतंय ते नक्की काय?

रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं किंवा खोक्याचा पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठे पडले ते बघून तिथल्या तिथे पेनाने खूण करा: मधोमध, मधल्यापेक्षा थोडं पुढे, की चाकाच्या आत. मधल्या गोळ्याच्या पुढच्या टोकाखाली डाग असेल तर पिनियनच्या, म्हणजे शाफ्टला जोडलेल्या छोट्या दातेरी चाकाच्या, सीलचा संशय. अगदी मधोमध असेल तर मागचं झाकण किंवा खालचा ड्रेन बोल्ट. चाकापाशी असेल तर ॲक्सलचं, म्हणजे चाकाच्या दांड्याचं, सील.

चाकापाशी ओल असेल तर थांबून आणखी एक गोष्ट बघा, कारण तिथे ब्रेक ऑइलही गळू शकतं. वाटीभर पाण्यात तो थेंब टाका. नेहमीचं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, गिअरचं तेल वर तरंगतं. ब्रेक ऑइल निघालं तर ती गाडी चालवायचीच नाही, मेकॅनिकला घरी बोलवायचं. गिअरचं तेल निघालं तरी ते ब्रेकच्या ड्रममध्ये उतरून लायनरवर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्यांवर) गेलेलं असू शकतं. अशी गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते. तसं होत असेल तर पुढचं काही करू नका, आधी ड्रम उघडून घ्या. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने पुसून पुन्हा बसवू नका. ते बदलावेच लागतात.

शॉक ॲब्सॉर्बर फुटला तरी तेलाचा ओघळ ॲक्सलवर येतो आणि लोक हौसिंगला दोष देतात. म्हणून ओघळ सगळ्यात वर कुठे सुरू होतो ते शोधा. चालत्या गाडीत वारा तेल मागे उडवतो. त्यामुळे मागे ओलं दिसलं तरी उगम बहुधा त्याच्या पुढे असतो.

आवाज तेलाचा की टायरचा?

यालाही खर्च नाही. सकाळी लवकर सुपर कॉरिडॉरसारख्या मोकळ्या, गुळगुळीत रस्त्यावर जा. साठच्या वेगाला गाडी ओढत ठेवा, मग पाय उचला, मग नुसता वेग टिकेल एवढाच ॲक्सिलरेटर द्या. या तिन्ही वेळी आवाजाचा सूर वेगळा लागला तर संशय दात्यांवर. रस्ता बदलला की आवाज बदलतो आणि ॲक्सिलरेटरशी त्याचा संबंध नसतो, तेव्हा तो टायरचा. वळणावर एका बाजूला वाढणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची. ‘टक्’ हा आवाज पुष्कळदा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा, म्हणजे टोकाच्या सांध्याचा, असतो. गाडी बंद करून, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावून, खाली शिरून शाफ्ट हाताने हलवून बघा. क्रॉसच्या कपात खळखळ लागली तर तेल बदलून काही होणार नाही.

ब्रीदर: माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती

हौसिंगच्या वर, बहुधा ॲक्सलच्या एका नळीवर, छोटी टोपी असलेला तोटीसारखा भाग असतो. काही गाड्यांत त्याला रबरी नळी जोडून ती वर चासीजवळ नेलेली असते. हा ब्रीदर, म्हणजे हौसिंगचं नाक.

गाडी धावली की तेल तापतं आणि आतली हवाही तापते. सकाळी २५ अंशांवर असलेली हवा ८५ अंशांवर गेली आणि तिला बाहेर पडायला वाट नसेल, तर आतला दाब साधारण एक पंचमांशाने वाढतो, म्हणजे ३ पीएसआयच्या आसपास. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण सीलचा रबरी ओठ तेल अडवायला बनवलेला असतो, दाब पेलायला नाही. तेल मग त्याच्या कडेने वाट काढतं. नवीन सील काही दिवस तग धरतं, तेही घट्ट असतं तोवरच.

उलटा प्रकार आणखी वाईट. इंदूरजवळचा भेरूघाट उतरून तुम्ही चोरलच्या बाजूला गेलात, ॲक्सल चांगलं तापलेलं आहे, आणि एखाद्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, हबपर्यंतच्या पाण्यातून गाडी काढलीत. तापलेलं हौसिंग एकदम गार होतं, आतली हवा आक्रसते आणि ओढ निर्माण होते. नाक मोकळं असेल आणि पाण्याच्या वर असेल तर हवा तिथून आत येते. बंद असेल तर सीलच्या ओठातून पाणी खेचलं जातं. मेहुण्याच्या गाडीतून तेल काढलं तेव्हा ते दूध जास्त झालेल्या चहासारखं निघालं. जुलैत एकदाच गाडी पाण्यात घातली होती, आणि हे उघडकीस आलं दिवाळीत. तेवढ्या महिन्यांत बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडले होते.

ब्रीदर बुजतो तो चिखलाने, आणि धुलाई सेंटरवरच्या जोरदार फवाऱ्यानेही. गाडी खालून धुऊन घेताना हौसिंगच्या वरच्या बाजूला थेट फवारा मारू नका असं मी दर वेळी सांगतो.

साफ करायला दहा मिनिटं लागतात. आधी आजूबाजूची माती ब्रशने आणि फडक्याने पूर्ण काढा, नाहीतर तीच आत पडेल. टोपी बोटाने फिरली पाहिजे आणि किंचित वर-खाली हलली पाहिजे. घट्ट बसली असेल तर कार्ब्युरेटर क्लीनर किंवा डिझेलचे दोन-चार थेंब सोडून हळूहळू मोकळी करा. आट्यांचा ब्रीदर असेल तर योग्य पान्याने काढून, धुऊन, हवा मारून बसवा. नळीचा असेल तर नळी काढून फुंकून बघा. तिला चीर पडलेली किंवा ती कुठे दबलेली असेल तर बदलून टाका. मोकळाच होत नसेल तर नवीन घ्या. सील बदलायच्या मजुरीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

ब्रीदर मोकळा केल्यावर ओला भाग डिझेलने पुसून कोरडा करा आणि आठवडाभर गाडी नेहमीसारखी चालवा. माझ्याकडच्या बऱ्याच गाड्यांची गळती इथेच थांबली. सीलचा ओठ फाटलेला नसेल तर दाब गेल्यावर तो पुन्हा नीट बसतो.

तेलाची पातळी

गाडी सपाट जमिनीवर आणि गार असताना बघायची. हौसिंगला दोन बोल्ट असतात, वरचा भरायचा आणि खालचा काढायचा. आधी वरचा उघडा. हा नियम कधीच मोडू नका. खालचा आधी उघडून सगळं तेल सांडलं आणि वरचा बोल्ट गंजून जाम झालेला निघाला, तर बिनतेलाची गाडी दारात अडकते.

वरच्या भोकाच्या खालच्या कडेला तेल लागलेलं असावं. करंगळी आत वाकवून बघा. बोटाला लागेपर्यंत फार खोल जावं लागलं तर तेल कमी आहे. उघडल्याबरोबर भळाभळा बाहेर आलं तर जास्त भरलंय. जास्त तेल हेही गळतीचं कारण आहे. क्राउन, म्हणजे आतलं मोठं दातेरी चाक, ते घुसळतं, फेस होतो, उष्णता वाढते आणि तेल ॲक्सलच्या नळ्यांतून चाकाच्या सीलकडे फेकलं जातं. शेजारच्या काकांच्या गाडीला फक्त एवढंच झालं होतं. कुणीतरी मागची बाजू जॅकवर असतानाच भोकापर्यंत तेल भरलं होतं.

तेल बदलणं

तेल दुधाळ असेल, जळका वास येत असेल, किंवा शेवटचं कधी बदललं ते कुणालाच आठवत नसेल, तर बदला. किती किलोमीटरला बदलायचं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पाणी गेलेलं असेल तर किलोमीटर मोजत बसू नका.

तेल कोणतं, यावर थोडं सविस्तर. या डिफरेन्शिअलमध्ये पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. ही हायपॉइड रचना मोटारीत पहिल्यांदा पॅकार्ड कंपनीने १९२६ मध्ये आणली. तिच्यामुळे शाफ्ट खाली आला आणि गाडीचा तळ बसका करता आला. पण यात दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासत सरकतात. त्या घासणीत साधं तेल पिळून बाहेर जातं आणि लोखंडावर लोखंड येतं. म्हणून या तेलात गंधक-फॉस्फरसची रसायनं घातलेली असतात. ती दात्यांवर संरक्षक थर धरतात. तो उग्र वास त्यांचाच.

सियागंजात किंवा कुठल्याही दुकानात “नव्वद नंबर द्या” म्हणालात तर जो डबा हाताशी असेल तो मिळेल. ‘ईपी ९०’ नावाची बरीच तेलं जीएल-४ दर्जाची असतात. मागच्या हौसिंगला बहुतेक गाड्यांत जीएल-५ लागतं, ८०डब्ल्यू-९० दाटपणाचं किंवा पुस्तिकेत असेल ते. हे डब्यावर वाचूनच घ्या. उरलेलं जीएल-५ मात्र गिअरबॉक्समध्ये ओतू नका. ज्या गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलंय, त्यातल्या पितळी रिंगा त्या रसायनांनी खराब होऊ शकतात. गाडीला लॉकिंग किंवा लिमिटेड स्लिप डिफरेन्शिअल असेल तर पुस्तिकेत लिहिलेलंच तेल आणा, दुकानदाराचा सल्ला नको.

गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा. कोमट तेल सगळा गाळ घेऊन बाहेर पडतं. घाट चढून आल्या आल्या मात्र उघडू नका, हात भाजेल.

आता सगळ्यात महत्त्वाची खबरदारी. या गाड्यांत हँडब्रेकही मागच्याच चाकांना आणि गिअरही मागच्याच चाकांना. मागची बाजू उचलली की दोन्ही निकामी होतात आणि गाडीला अडवायला पुढच्या चाकांच्या ठोकळ्यांखेरीज काही उरत नाही. म्हणून शक्य असेल तर गाडी उचलूच नका. उंच गाड्यांखाली तशीच शिरायला जागा असते, आणि सपाट उभी राहिली की पातळीही बरोबर मिळते. उचलावीच लागली तर पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, जमीन पक्की, आणि ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवर किंवा विटा रचून खाली शिरायचं नाही. वीट आधी तडकण्याची सूचना देत नाही, सरळ फुटते. जवळ स्टँड नसतील तर हे काम मेकॅनिककडेच करून घ्या.

वरचा बोल्ट, मग खाली पसरट भांडं, मग खालचा बोल्ट. पाना बोल्टवर घट्ट बसणाराच हवा. ॲडजस्टेबल पान्याने कोपरे गोल झाले की काम वाढतं. तेल पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या आणि तोवर बोल्ट बघा. बऱ्याच बोल्टच्या टोकाला चुंबक असतं. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लगदा असेल तर ती नेहमीची झीज आहे, पुसून टाका. नखाला लागणारे कपचे, चकत्या किंवा दात्याचा तुकडा असेल तर तो जपून ठेवा, मेकॅनिकला दाखवायचाय.

तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर नवीनच घाला. जुना एकदा दबलेला असतो, तो पुन्हा तसा बसत नाही आणि बोल्टपाशी झिरप सुरू होते. बोल्ट पुस्तिकेतल्या मापाने आवळा. जोर लावून हौसिंगचे आटे गेले तर तो खर्च तेलाच्या कितीतरी पट आहे. भरायला हातपंप किंवा मोठी पिचकारी घ्या, ती नसेल तर वरून नरसाळं आणि पारदर्शक नळी. थंडीत डबा तासभर गरम पाण्यात ठेवला की तेल सहज उतरतं. गाडी सपाट असताना भोकाच्या कडेतून बारीक धार लागली की थांबा, ती बंद होऊ द्या, बोल्ट लावा. पाणी गेलेल्या हौसिंगमध्ये मी नवं तेल घालून तीन-चारशे किलोमीटर चालवतो आणि पुन्हा बदलतो, कारण पहिल्या खेपेला सगळं पाणी निघत नाही.

जुनं तेल नालीत ओतू नका. आपल्याकडची नाली कान्ह-सरस्वती नद्यांना मिळते आणि कान्ह पुढे क्षिप्रेला. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये भरून, ज्या वर्कशॉपचं जुनं तेल अधिकृत पुनर्प्रक्रियावाले उचलतात तिथे द्या. मी वर्षाचं साठवून एकदम देतो.

तरीही ओलं राहिलं तर

आता सीलचा खरंच दोष असू शकतो. पण नवं सीलही लगेच गळण्याची आणखी दोन कारणं आहेत, ती मेकॅनिकला सांगा. एक, जुन्या सीलने शाफ्टवर किंवा फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या चकतीवर) बारीक चर पाडलेली असते आणि नव्या सीलचा ओठ त्याच चरीत बसतो. नखाने चाचपून ती कळते. मग फ्लँज बदलावा लागतो किंवा त्यावर बारीक स्लीव्ह चढवावी लागते. दुसरं, बेअरिंग ढिलं असल्यामुळे शाफ्ट डोलतो आणि कुठलंही सील खातो. चाक स्टँडवर उचलून वर-खाली धरून हलवा. पिनियनच्या फ्लँजला धरून वर-खाली ढकलून बघा. फिरवताना थोडी मोकळीक असते, ती चालते. वर-खाली मोकळीक अजिबात चालत नाही.

इथे मी स्वतः थांबतो, आणि तुम्हीही थांबा. पिनियनचं सील बाहेरून सोपं दिसतं, एक नट आणि एक फ्लँज. पण कित्येक गाड्यांत त्या नटामागे आत एक पातळ नळी असते. नट आवळताना ती ठरावीक दबते आणि त्यातून बेअरिंगवर नेमका ताण बसतो. तो अंदाजाने बसवता येत नाही. जास्त आवळला तर बेअरिंग तापून जातं, कमी आवळला तर दाते खातात. ॲक्सलचं बेअरिंगही बऱ्याच गाड्यांत प्रेसवर काढायचं असतं, हातोडीने नाही.

चुंबकावर कपचे मिळाले, पिनियन वर-खाली हलला, नव्या तेलानंतरही हूंऽऽ आवाज तसाच राहिला किंवा वाढला, लायनरवर तेल गेलं, वरचा बोल्ट निघेना, यांतलं एकही झालं तर क्राउन-पिनियन बसवणाऱ्या जाणत्या माणसाकडे न्या. क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलतात आणि शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून त्यांची बैठक मापाने जुळवतात. घासणीची खूण दात्यावर कुठे येते ते रंग लावून बघणारा मेकॅनिक निवडा. कामाला लावण्याआधी त्याला तेवढंच विचारा: “ब्रीदर बघितला का?”

माझ्या गाडीचं तिसरं सील मी त्या मेकॅनिककडूनच बसवून घेतलं, कारण दोनदा दाब सोसून जुन्याचा ओठ फाटला होता. तेव्हा ब्रीदर नवीन घातला होता. त्याला आता चार पावसाळे झाले. दर वर्षी पाऊस थांबला की मी खाली शिरून टोपी बोटाने फिरवून बघतो आणि वरचा बोल्ट उघडून तेलाचा रंग पाहतो.